मुलाम्याखाली काय आहे?

मंडळी, ही मूठ आधी हातोहात मागच्या ओळीपर्यंत जाऊ द्या. बोट फिरवून बघा, खरखर लागेल.

ती माझ्याच घराच्या दाराची. घर मालवणात चिवल्याच्या किनाऱ्याच्या बाजूला, ओटीवर बसलं की समुद्र दिसतो. हौसेने सगळ्या दारांना सोनेरी मुठी बसवल्या. विकणारा म्हणाला, पीव्हीडी आहे, म्हणजे निर्वात भट्टीत धातूच्या वाफेने चढवलेला मुलामा, चमक जायची नाही. दोन पावसाळे गेले आणि बोटाला पुळ्यांसारखे फोड लागायला लागले. मी जन्मभर मुलामा चढवण्याच्या कारखान्यांत राबलेला माणूस. वसईला आधी निकेल-क्रोमच्या टाक्यांवर, मग निर्वात भट्टीवर. त्यामुळे पैसे गेल्याचं दुःख कमी आणि लाज जास्त वाटली. म्हणून आज इथे बोलायचं कबूल केलं.

एक फोड सुरीच्या टोकाने उचलून पाहिला. वरचा सोनेरी पापुद्रा अगदी जसाच्या तसा होता. खाली मात्र पांढरी भुकटी. म्हणजे मुलाम्याने दगा दिलाच नव्हता. आतली धातू कुजली आणि वरचा थर अधांतरी राहिला.

हा मुलामा चढतो कसा ते सांगतो, कारण त्याविषयी फार गैरसमज आहेत. सोनेरी दिसतो म्हणून त्यात सोनं असतं असं नाही. कणभरही नसतं. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना कल्हईवाला आठवत असेल. भाता, निखारे, भांडं तापलं की नवसागराची चिमूट, भसकन धूर, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा. कथील 232 अंशांना वितळतं, त्यामुळे एवढ्याशा भट्टीत काम भागायचं. पण सगळी करामत नवसागराची. तांब्यावर हवेने चढलेला काळपट थर तो खाऊन टाकतो, म्हणून कथील धरतं. मळकट भांड्यावर कल्हई बसत नाही.

निर्वात भट्टीतही पहिलं काम तेच. जॉब, म्हणजे मुलामा चढवायची वस्तू, धुऊन, वाळवून, फिरत्या रॅकवर टांगतात. दार बंद करून हवा उपसतात, इतकी की आतला दाब बाहेरच्या दहा लाखाव्या हिश्शाहूनही खाली येतो. मग आरगॉन वायूचे विद्युतभारित कण जॉबवर आदळवतात. हा आमचा नवसागर. त्यानंतर टायटॅनियमच्या तबकडीवर विजेची ठिणगी नाचवतात, धातूची वाफ होते, तेवढ्यात नायट्रोजन सोडतात. दोघांचं मिळून टायटॅनियम नायट्राइड होतं आणि ते जॉबवर अणूअणूने बसतं. सोनेरी रंग त्याचा स्वतःचा. टायटॅनियमच्या जागी झिर्कोनियम घेतलं तर पितळेसारखा फिकट पिवळा येतो. बरोबर कार्बन असलेला वायू सोडला तर तांबूस, काळपट असे रंग निघतात. हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलची सोनेरी टोकं पाहिली असतील, त्यांच्यावरही हाच थर असतो. कडकपणा मोजायच्या विकर्सच्या मापात दोन हजारांच्या वर कडक. क्रोमचा मुलामा आठशे-हजारापर्यंत. किल्ल्यांच्या जुडग्याने ओरखडा उठत नाही तो यामुळे.

पण जाडी किती? शोभेच्या वस्तूवर साधारण अर्धा मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. एवढ्या पातळ थरात सुईच्या टोकाहून बारीक भोकं राहतातच, ती कुठल्याही भट्टीत टळत नाहीत. आपल्या गोठ्यावरचा पन्हळी पत्रा आठवा. त्यावरचं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. नायट्राइड असला त्याग करत नाही. ते स्वतः गंजत नाही, उलट भोकाखाली उघडी पडलेली धातू त्याच्या शेजारामुळे जास्त लवकर खाल्ली जाते.

आणि इथे आपला खारा वारा येतो. मिठाचा कण हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतो. किनाऱ्यावर रात्री तेवढी दमट हवा नेहमीची. म्हणजे पाऊस नसतानाही तुमची कडी रोज रात्री खाऱ्या पाण्याने ओली होते. एक गंमत घरी जाऊन बघा. पावसात उघड्या असलेल्या फाटकाच्या बिजागरीपेक्षा पडवीच्या आडोशाची बिजागरी पुष्कळदा जास्त खराब झालेली दिसते. फाटक पावसाने धुतलं जातं, पडवीतलं मीठ तिथेच साचत राहतं.

माझ्या मुठीत आत होतं जस्ताचं ओतकाम, बाजारात त्याला नुसतं झिंक म्हणतात. स्वस्त, नक्षी छान उमटते, पण मिठापुढे दुबळं. खाली निकेलचा भरीव थर असता तर कदाचित तगलं असतं. तिथेच हात आखडला होता. पितळेवर आधी निकेल, मग क्रोम, मग पीव्हीडी, असा थर चांगला काम करतो. स्टेनलेस स्टील घ्यायचं तर समुद्राजवळ 316 नंबरच्या जातीचं घ्या. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला अडवतं. नेहमीच्या 304 नंबरवर इथे चहाचे ओघळ पडल्यासारखे डाग येतात.

पुढच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं, ‘मगे आमी घेवचा तरी काय?’ बरोबर आहे. दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा. चिकटला तर बहुधा आत लोखंड, सोडून द्या. नाही चिकटला तर वस्तू उलटी करा आणि स्क्रूच्या भोकात, आट्यांत बघा, तिथे मुलामा नीट पोचलेला नसतो. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर झिंक. हातात तोलूनही कळतं, पितळ सव्वापटीहून जड. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी किती तासांची, तेही विचारा. पाच टक्के मिठाचं पाणी, 35 अंश तापमान, अखंड धुकं अशी ती असते. मात्र तासांचा गुणाकार करून कुणी वर्षं सांगायला लागलं तर हसून बाहेर पडा.

निगा म्हणाल तर ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. पाणी गोडं हवं. चिंच आणि पितळ घासायची पावडर देवघरातल्या समईसाठी ठेवा. आणि संडास धुवायचं ॲसिड बंद न्हाणीघरात ओतून दार लावून घेऊ नका. ते ज्यावर सांडतं त्यालाच खातं असं नाही. वाफ वर चढते आणि चार दिवसांनी नळ डागाळलेला दिसतो. बाई म्हणतात नळ वाईट होता. आमच्याकडेही हेच झालं, आणि ॲसिड ओतणारा मी होतो.

ती मूठ आता कुणाकडे आहे? परत द्या हं. दाराला दुसरी बसवलेली नाही, सध्या दोरी बांधली आहे.