घोडा विकणे आहे: जाहिरात कशी करायची?

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. दत्तजयंती तोंडावर आली, तापीकाठच्या सारंगखेड्याला भरणाऱ्या घोड्यांच्या यात्रेची चाहूल लागली, की घोड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरातींचा ढीग पडतो. त्यातली ही एक नेहमीच्या वळणाची, वाचून दाखवतो.

[पडद्यावर मजकूर] "जबरदस्त जातिवंत घोडा विकणे आहे. एक नंबर माल. लहान पोरगं बसवा, फुल गॅरंटी. किंमत फोनवर. फालतू चौकशी करू नये."

सोबतच्या फोटोत मालक फेटा बांधून पुढे उभा आणि घोडा अर्धा मागे.

आता मला सांगा, यातून घोड्याबद्दल काय कळलं? वय नाही, उंची नाही, गावसुद्धा नाही. मग लोक फोन करून तेच विचारणार, आणि तुम्ही वैतागून म्हणणार, फालतू चौकशी करतात!

यात्रेत तापीकाठी गिऱ्हाईक स्वतः दात बघतं, पाय उचलून बघतं, चालवून बघतं. मोबाईलवर त्याला हे जमत नाही. म्हणून ते सगळं तुम्ही करून दाखवायचं. एवढीच जाहिरात.

सुरुवात व्हिडिओपासून, कारण पैसे तिथेच वसूल होतात. पहिलं काम म्हणजे गाणं काढा. 'आला रे राजा' छाप गाणं लावलं की टापांचा आवाज मरतो, आणि जाणकार माणूस व्हिडिओ बघतो त्याहून जास्त ऐकतो. घोडा सिमेंटच्या किंवा डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीनं पळवा. दुडकीत पाय तिरक्या जोडीनं पडतात, टक‑टक, टक‑टक, सारख्या ठेक्यात. ठेका चुकला तर पायात काहीतरी आहे. पुढच्या पायाला दुखणं असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो. मऊ मातीत हे झाकलं जातं, म्हणूनच मातीतला व्हिडिओ बघून शहाणं गिऱ्हाईक पुढे सरकतं.

घोडा एकदा तुमच्यापासून लांब जाऊ दे, एकदा समोरून येऊ दे, मग बाजूनं. साज, घुंगरू, पायातले पट्टे काढून ठेवा, तोंडाला नुसती दोरीची मोरकी पुरे.

फोटो काढताना फोन घोड्याच्या पोटाच्या उंचीवर धरा. तोंडाजवळ उभं राहून काढला तर डोकं भोपळ्याएवढं आणि मागचं अंग शेळीचं दिसतं. दहा‑बारा पावलं मागे या, थोडं झूम करा. जमीन सपाट हवी, आणि खूर दिसले पाहिजेत. गवतात उभा केलेला घोडा मला तरी संशयास्पदच वाटतो.

एक फोटो ओठ वर करून दातांचा. अडीच वर्षांच्या आसपास पक्क्या दातांची पहिली जोडी येते, साडेतीनला दुसरी, साडेचारला तिसरी. वय लिहायचं आणि दात दाखवायचे नाहीत, हे चालत नाही.

भोवऱ्यांचेही जवळून फोटो द्या. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा, आहे का, हे विचारणारच. तुमचा विश्वास असो‑नसो, घोड्याच्या ओळखपत्रातसुद्धा भोवरे नोंदवतात, कारण ते आयुष्यभर बदलत नाहीत.

आता मजकूर. हा बघा.

[पडद्यावर मजकूर] "घोडा विकणे आहे. नर, खच्ची नाही. वय पाच वर्षं, सहा दाती. उंची ६१ इंच. कुमैत, पंचकल्याणी. दोन हंगाम वरातीत चालला, बँड‑फटाक्यांना बुजत नाही. टांग्याला जोडलेला नाही. नाल मारताना मागचा डावा पाय देत नाही, दोन माणसं लागतात. जातीचे कागद नाहीत. ग्लँडर्स चाचणी निगेटिव्ह, अहवाल दाखवू. अपेक्षा एक लाख साठ हजार, बसून थोडं कमी‑जास्त होईल. गाव, तालुका. फोन संध्याकाळी सहानंतर."

कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी अंग आणि काळी आयाळ‑शेपूट, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरं. उंची आयाळ संपते तिथून जमिनीपर्यंत, सरळ काठीनं मोजा. अंगावरून टेप ओढली की इंच आपोआप वाढतात, आणि गिऱ्हाईक स्वतःची काठी घेऊन येतं.

दोन्ही कानांची टोकं एकमेकांना मिळाली म्हणून लगेच 'प्युअर मारवाडी' लिहू नका. काठेवाडी जातीच्या घोड्याचेही कान तसेच वळतात. कागद असतील तर मायक्रोचिपचा नंबर द्या, नसतील तर नाहीत म्हणा.

खोड लिहायची का? लिहायची! नालेचं ते वाक्य वाचून काही लोक गळतील, गळू देत. जो येईल तो तयारीनं येईल. नाहीतर माणूस नगरहून टेम्पो घेऊन येतो, घोडा पाय झाडतो, आणि भाड्यावरून तुमच्याच अंगणात भांडण.

ग्लँडर्सचं मात्र गमतीत घेऊ नका. हा रोग माणसालाही होतो, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९च्या कायद्यात तो कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत आहे. सरकारी पशुवैद्यकाकडून रक्ताचा नमुना द्या. हिसारला अश्व संशोधन केंद्र आहे, तिथे ही चाचणी होते. अहवालावरची तारीख जाहिरातीत घाला, कारण जुना अहवाल कुणी मानत नाही.

किंमत लिहावी की नाही, यावर लोक माझ्याशी वाद घालतात. बाजारात उपरण्याखाली बोटं धरून सौदा होतो, मान्य. पण फोनवर उपरणं कुठून आणणार? आकडा लिहा. यात्रेतल्या कोटीच्या घोड्याची बातमी वाचून मात्र आकडा लिहू नका, तो बहुतेक वेळा मालकाचा सांगण्याचा भाव असतो.

जाहिरात टाकायची कुठे? फेसबुकच्या मार्केटप्लेसवर जिवंत जनावर विकायला परवानगी नाही, पोस्ट उडते. घोडेवाल्यांचे ग्रुप, ओळखीचे नालबंद, वरातीवाले, माथेरानसारख्या ठिकाणचे घोडेवाले, यांच्यापर्यंत पोचवा. काम कोणतं येतं ते बघून पाठवा, वरातीच्या नाचणाऱ्या घोड्याचा डोंगरावर काय उपयोग?

शेवटचं, फसवणुकीचं. दुसऱ्याचा व्हिडिओ उचलून इसार घेणारे आहेत. म्हणून व्हिडिओत स्वतःच्या आवाजात आजची तारीख आणि गावाचं नाव बोला. घोडा न बघता कुणी इसार पाठवतो म्हणाला, तर तो नम्रपणे नाकारा. समोर येऊन इसार दिला तर तारीख टाकून पावती करा, आणि त्याच दिवशी ग्रुपवर 'विकला' लिहा. नाहीतर पुढचा महिनाभर फोन उचलत बसाल.

तुमच्या घोड्याचा मजकूर खाली लिहा. फोन नंबर नको, नुसता मजकूर. पुढच्या भागात घोडीची जाहिरात घेऊ. गाभण घोडीला कुठला घोडा, कुठल्या तारखेला लावला, हे लिहावं लागतं आणि तिथून अकरा महिने मोजायचे असतात, ते नीट बघू.