सांगली ४१६४१६, सातारा ४१५००१

(दृश्य: पाकिटावरच्या पिनकोडच्या सहा चौकटी, एकेक अंक भरला जातो.)

सांगली, ४१६४१६. तीन अंक, आणि पुन्हा तेच तीन. ४१६ हजार अधिक ४१६, म्हणजे ४१६ गुणिले १००१. आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३.

रकमेसारखे लाखाचे स्वल्पविराम दिले, ४,१६,४१६, की ही जोडी दिसेनाशी होते. म्हणून ७, ११ आणि १३ ची कसोटी लावताना उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि वजाबाकी करायची. इथे ४१६ वजा ४१६, शून्य. तिघांनीही भाग जातो.

आता २ ने भागत जाऊ. २०८२०८, १०४१०४, ५२०५२, २६०२६, १३०१३. पाच वेळा भाग गेला. उरलेले १३०१३ म्हणजे १३ × १००१, आणि नेमकी इथेच चूक होते. १००१ मध्ये एक १३ आहेच, हा दुसरा. म्हणून मूळ अवयव असे: २ चा पाचवा घात, ७, ११ आणि १३ चा वर्ग. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला, ६ × २ × २ × ३, की विभाजक मिळतात ७२. दोन्ही १३ वेगवेगळे धरले तर उत्तर ९६ येतं, कारण काही विभाजक दोनदा मोजले जातात.

ही संख्या पूर्ण वर्ग नाही. २, ७ आणि ११ यांचे घातांक विषम आहेत. या तिघांच्या गुणाकाराने, १५४ ने, तिला गुणलं की येतात ६,४१,२८,०६४. हा ८००८ चा वर्ग. फार देखणी संख्या!

(दृश्य: कृष्णेचा काठ, सातारा.)

कृष्णेच्या वरच्या अंगाला सातारा, ४१५००१. दोन्ही आकड्यांत फरक जेमतेम १४१५ चा, पण स्वभाव अगदी वेगळा. २ पासून एकेक मूळ संख्या घेऊन भागत गेलो तर १११ मूळ संख्यांनी भाग जात नाही. वर्गमूळ ६४४ च्या थोडं पुढे आहे, तिथवर तपासावंच लागतं; पाचशेपाशी थांबलेला माणूस हिला मूळ संख्या ठरवून मोकळा होईल. ११२ वी मूळ संख्या ६१३, तिने भाग जातो. भागाकार ६७७, तीही मूळ. विभाजक फक्त चार.

सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत मात्र हे कुलूप एका फटक्यात उघडते. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ६४५. तिचा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. मग अवयव ६४५ वजा ३२ आणि ६४५ अधिक ३२. अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच हे इतक्या लवकर जमतं. लांब असले तर साधा भागाकार बरा. म्हणूनच आरएसए कूटलेखनात, म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर संदेशाची गुप्तता राखणाऱ्या पद्धतीत, त्या दोन संख्या एकमेकींच्या फार जवळच्या घेत नाहीत.

सांगलीच्या संख्येला ४ ने भाग जातो, त्यामुळे तिलाही ही पद्धत लावता येते. ६४६ चा वर्ग ४१७३१६. त्यातून ४१६४१६ गेले, उरले ९००, म्हणजे ३० चा वर्ग. इथेही पहिल्याच पायरीवर: ६१६ × ६७६.