काळी पाचमधलं सुख

मंडळी, हल्ली गाण्याच्या ध्वनिमुद्रणांना संगणकच लेबलं लावतो. लय अमुक, पट्टी तमुक, भाव असा असा. इटालियन संगीतकार दोनिझेत्तीच्या 'लेलिझिर दामोरे' या ऑपेरातलं 'ऊना फुर्तीवा लाग्रिमा' हे टेनरचं, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाचं, गाणं त्याच्यापुढे ठेवलं, तर उत्तर काय येईल याचा अंदाज करता येतो. लय संथ, पट्टी बी फ्लॅट मायनर, भाव दुःखी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बरोबर आहेत. तिसरी साफ चुकीची आहे, आणि ती का चुकते यावर मला आज बोलायचं आहे.

आधी प्रसंग सांगतो. नेमोरीनो हा एक भोळा, गरीब शेतकरी तरुण. आदीना शिकलेली, जमीनजुमला असलेली, त्याला खेळवणारी. दुल्कामारा नावाचा फिरता वैदू त्याला बोर्दोची साधी वाईन 'प्रेमाचं औषध' म्हणून विकतो. दुसऱ्या बाटलीला पैसे नाहीत, म्हणून हा पोरगा चक्क फौजेत भरती होतो. तेवढ्यात गावात बातमी फुटते की याचा श्रीमंत काका वारला आणि इस्टेट याच्या नावावर झाली. गावातल्या मुली त्याच्याभोवती गोळा होतात. त्याला बातमीचा पत्ता नाही, त्याला वाटतं औषधाचा गुण आला. आदीना हे बघते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. नेमोरीनो ते टिपतो. सगळे निघून गेल्यावर तो रंगमंचावर एकटा उभा राहून गातो: तिच्या डोळ्यांत लपवलेला एक अश्रू मी पाहिला, तिचं माझ्यावर प्रेम आहे, आणखी काय हवं मला?

म्हणजे त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात सुखाचा क्षण. आणि दोनिझेत्ती तो मायनरमध्ये, म्हणजे उदास मानल्या जाणाऱ्या कोमल स्वरांत, संथ लयीत बांधतो! फेलीचे रोमानी या संहिताकाराला हे गाणंच नको होतं. विनोदी नाटक रंगात आलेलं असताना मध्येच हा करुण सूर कशाला, असं त्याचं म्हणणं होतं, ही हकीकत त्याच्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रात आहे. दोनिझेत्तीने हट्ट सोडला नाही. १२ मे १८३२ रोजी मिलानच्या कानोब्बियाना नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, आणि आज या ऑपेरातलं दुसरं काही ठाऊक नसलेल्यालाही हे गाणं ठाऊक असतं.

आता ऐकताना काय होतं ते पाहू. सुरुवात बसूनने होते. बसून हे लाकडी फुंकवाद्य, खर्जातलं, आणि विनोदी ऑपेरात बरेचदा थट्टेच्या कामाला लावलेलं. इथे ते वरच्या सुरांत जाऊन अख्खी चाल एकटंच गातं. खाली हार्पची छेड आणि तंतुवाद्यांच्या बोटांनी खुडलेल्या तारा, बाकी काही नाही. स्वरलिपीवर लयीची सूचना आहे 'लार्गेत्तो', म्हणजे संथ, पण रेंगाळणारी नव्हे. ताल सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग. आपल्या दादऱ्याच्या कानाने ऐकलंत तर हा झोका लगेच सापडेल. हा झोका निव्वळ रडगाण्याचा वाटत नाही. लयीनेच पहिली सूचना दिलेली आहे.

पट्टीचं प्रकरण जास्त खोल आहे. बी फ्लॅट म्हणजे आपल्या हार्मोनियमवरची काळी पाच. काळी पाच षड्ज धरलात तर गंधार, धैवत, निषाद कोमल, म्हणजे ढोबळमानाने आसावरी थाट. मध्येच शुद्ध निषाद लागतो तेव्हा कीरवाणी रागाची सावली पडते. हा राग नाही, रागाचे नियम इथे लावायचे नाहीत. पण आपला कान जिथून ऐकतो तिथूनच सुरुवात केलेली बरी. गाण्याची दोन कडवी आहेत. पहिल्या कडव्यात 'मामा, सी मामा', म्हणजे 'तिचं प्रेम आहे, होय, आहे' हे शब्द येतात, तोवर पट्टी डी फ्लॅट मेजर झालेली असते. डी फ्लॅट म्हणजे काळी एक. काळी पाचच्या षड्जावरून पाहिलं तर हा कोमल गंधार. त्या कोमल गंधारालाच षड्ज माना, स्वर तेच ठेवा, आणि आसावरीचा बिलावल, म्हणजे सगळे स्वर शुद्ध असलेला थाट, होतो. मेजर म्हणतात ते हेच. आपण याला मूर्च्छना म्हणतो. नेमोरीनोला प्रेम दिसलं, पण ते पलीकडे, दुसऱ्या घरात दिसलं. लगेच बसूनचे सूर परत येतात आणि आपल्याला काळी पाचच्या कोमल स्वरांत आणून सोडतात.

दुसऱ्या कडव्यात तो म्हणतो, तिच्या काळजाची धडधड एकच क्षण ऐकू दे, माझे उसासे तिच्या उसाशांत मिसळू देत. चाल जवळजवळ पहिल्यासारखीच जाते. आणि मग 'चिएलो!', हे देवा, असा उद्गार येतो, आणि तिथे षड्ज हलत नाही. काळी पाच तशीच राहते, आणि गंधार, धैवत, निषाद शुद्ध होतात. बी फ्लॅट मायनरचं बी फ्लॅट मेजर. आता मरण आलं तरी चालेल, याहून जास्त काही मागणं नाही, हे तो त्याच जमिनीवर उभा राहून म्हणतो. पहिल्यांदा मेजर मिळालं ते जागा बदलून, दुसऱ्यांदा मिळालं ते जागच्या जागी. माझ्या मते सगळं गाणं या एका फरकासाठी रचलेलं आहे. 'पट्टी: बी फ्लॅट मायनर' एवढंच लिहिणाऱ्या लेबलात तो कुठे मावणार?

जुन्या ध्वनिमुद्रणांत आणखी एक अडचण असते. तबकडीवर लय आणि पट्टी एकमेकांना बांधलेली असतात. आपण '७८ची रेकॉर्ड' म्हणतो खरं, पण त्या काळी मिनिटाला ७८ फेरे हा सगळ्यांनी पाळलेला नियम नव्हता. सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही असे. फेऱ्यांत साधारण सहा टक्के फरक पडला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. ७८ ऐवजी ७३.६ फेऱ्यांनी लावलीत तर काळी पाचची पांढरी सहा होते, साडेचार मिनिटांचं गाणं सोळा सेकंदांनी लांबतं, गायकाचा कंप मंदावतो, आवाज जाडा होतो. तरुण टेनर प्रौढ वाटू लागतो आणि सुखाचं गाणं खरोखरच उदास होऊन बसतं. उलट वेग वाढला तर अधीरपणा येतो. म्हणून जाणकार मंडळी आधी छापील पट्टी बघतात आणि तिच्याशी फेरे जुळवतात. तेवढ्याने भागत नाही, कारण गायक कधीकधी सोयीसाठी पट्टी उतरवूनही गात. मग कंपाचा वेग आणि आवाजाचा पोत ऐकून निर्णय घ्यावा लागतो, आणि तो कानाचाच असतो.

एन्रिको कारूझो या इटालियन टेनरने हे गाणं अनेकदा मुद्रित केलं. १९०२च्या एप्रिलमध्ये मिलानच्या एका हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग याने त्याच्या ज्या दहा तबकड्या घेतल्या, त्यांत हेही होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाच गाइसबर्ग कोलकात्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता. आवाज पकडणारा भोंगा तसाच, पद्धत तीच, आणि काही मिनिटांत गाणं आटोपण्याची सक्तीही तीच.

१ फेब्रुवारी १९०४ला न्यूयॉर्कमध्ये कारूझो पुन्हा गायला, साथीला फक्त पियानो. दोन्ही कडवी एका तबकडीवर न घेता दोन वेगळ्या तबकड्यांवर निघाली. याचा परिणाम नीट लक्षात घ्या. पहिली तबकडी काळी एकच्या मेजरमध्ये संपते. ऐकणाऱ्याने उठायचं, तबकडी बदलायची, चावी द्यायची, सुई ठेवायची. तेवढ्यात आधीचा षड्ज कानातून निसटतो. काळी एकहून काळी पाचकडे परतण्याची ती वाट, जी बसूनने बांधायची, ती तिथे नाहीच. दोन्ही कडवी अप्रतिम गायलेली आहेत, तरुण कारूझोचा आवाज तिथे जितका मोकळा आहे तितका पुढे फारसा सापडत नाही. पण त्या दोन कडव्यांमधलं नातं तुटलेलं आहे.

१९११च्या मुद्रणात वाद्यवृंद आहे आणि सगळं गाणं एकाच बारा इंची तबकडीवर आहे. आवाज आता भारदस्त झालेला, लाडिकपणा कमी. ते लावाल तेव्हा काळी पाच धरून हार्मोनियम शेजारी ठेवा, आणि पट्टी जुळेपर्यंत वेग कमीजास्त करा. मग 'मामा'पाशी काळी एक दाबा, आणि 'चिएलो'पाशी पुन्हा काळी पाच.