विमानाला ऊन लागतं का?

नवतप्यात व्याख्यान ठेवलं तर समोर खुर्च्याच दिसतील असं मला वाटलं होतं. तुम्ही आलात. कूलर चांगला असावा इथला.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमानात बसलं की डोक्यावरून जी गार झुळूक येते, ती मुळात भाजून काढणारी हवा असते. इंजिनातला कॉम्प्रेसर हवा दाबतो, दाबली की ती तापते. त्यातली थोडी बाजूला काढून घेतात, तिला आम्ही ब्लीड एअर म्हणतो. केबिनची हवा, पंखावर बर्फ धरू न देणं, इंजिन सुरू करणं ही सगळी कामं तीच करते. बोइंग 787 मध्ये केबिनची हवा विजेच्या कॉम्प्रेसरवर गेली, पण बाकी बहुतेक विमानं अजून ब्लीडवरच आहेत. इंजिनाची हवा प्रीकूलरमधून निवून आली तरी साधारण 200 अंशांची असते. तिची डक्ट, म्हणजे हवा नेणारा नळ, गळली, तर शेजारी वायरी आहेत, इंधनाच्या टाक्या आहेत.

म्हणून डक्टच्या कडेकडेने लूप लावलेली असते. धातूची बारीक नळी, आत एक तार, मधे क्षार भरलेला. गार असताना क्षार वीज अडवतो. ठरावीक तापमानाला तो वितळतो, तारेतली वीज नळीच्या पत्र्यात उतरते आणि कॉकपिटमध्ये इशारा पेटतो. एअरबस ए-320 च्या पंखात आणि धडात हा आकडा 124 अंश आहे.

आता आपला मे महिना. पारा 45, फार तर 47. कुठे 47 आणि कुठे 124! तरीही असे इशारे भर दुपारी जास्त येतात, आणि आला की कुणीतरी म्हणतंच, 'ऊन लागलं असन त्याले, साहेब.' आमचा एक हेल्पर खिशात कांदा ठेवून रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, यायचा, त्याचं हे ठाम निदान होतं.

तो अगदीच चूक नव्हता. विमान जमिनीवर असताना शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, हवा पुरवतं, आणि त्या वाटेवर प्रीकूलर नसतो. हवा चौपट दाबली, तर हिशेबाने 15 अंशांची हवा 155 वर जाते. 45 अंशांची जवळजवळ 200 वर. आत येताना फरक 30 अंशांचा, बाहेर पडताना 45 चा. प्रत्यक्ष यंत्रात दोन्ही आकडे याहून चढेच असतात. त्यात केबिन गार करायला पॅक, म्हणजे या तापल्या हवेची गार झुळूक करणारी यंत्रं, पूर्ण जोरात, म्हणजे डक्टमधून हवाही जास्त. एखादं सील किंचित गळत असेल, तर डिसेंबरात लूपपाशी ती झळ 124 खाली राहते. मे मध्ये ओलांडते.

एका विमानात हेच झालं. दुपारी इशारा, रात्री हँगरमध्ये एपीयू चालवून पाहिलं, काही नाही. दोष आढळला नाही असं लिहून सोडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग संशय लूपवर गेला, तोही वाजवी होता. कनेक्टरमध्ये ओल किंवा घाण शिरली किंवा नळी कुठे घासली तरी खोटा इशारा येतो. मेगर, म्हणजे वीज कुठे झिरपते का ते मोजणारं यंत्र, लावला, कनेक्टर साफ केले, शेवटी लूपच बदलली. चौथ्या दिवशी परत इशारा. सही माझी होती, त्यामुळे हसू नका.

मग ठरवलं, तपासणी दुपारी तीनलाच. विमान सकाळपासून उन्हात उभं. मागच्या कार्गोचे पॅनल आधीच उघडून ठेवले, एपीयू आणि दोन्ही पॅक चालू केले, डक्ट पुरती तापू दिली. गळती हाताने शोधायची नाही, कातडी जाते. काठीला चिंधी बांधून ती जोडाजोडावरून फिरवायची. त्या गोंगाटात फुसफुस ऐकू येत नाही. एका क्लॅम्पपाशी चिंधी फडफडली. एपीयू बंद करून, सगळं निवल्यावर वरचं आच्छादन काढलं, तर आतल्या बाजूला चहाच्या कपाखाली उमटतो तसा तपकिरी डाग. क्लॅम्प केसभर तिरपा बसला होता, सील एका बाजूने दबलेलं. रात्री हवा कमी तापायची, लूपपर्यंत पोचेतो निवायची.

सील नवं घातलं, क्लॅम्प ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे मोजून तेवढ्याच जोराने, कसला. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा तेच सगळं केलं. काठी आमच्या कांदेवाल्याच्या हातात दिली. त्याने तो जोड चारदा तपासला. चिंधी लोंबतच राहिली.