आधी ऊब, मग भूल

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न असतो, सर्जन कोण? दुसरा, खर्च किती? भूल कोण देणार, हे क्वचितच कोणी विचारतं. भूलतज्ज्ञ म्हणून ही माझी जुनी खंत आहे. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटा, चालू असलेल्या गोळ्या त्यांना दाखवा. असो. आज मला बोलायचंय थंडीबद्दल.

आपल्या शरीराच्या आतलं तापमान साधारण 37 अंश सेल्सिअस. हातपाय त्याहून थंड. गारठा वाढला की हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि ऊब आत राहते. पूर्ण भूल दिली की हा पहारा सुटतो. मग काय होतं? न्हाणीत भाणातल्या कढत पाण्यात आपण विसण, म्हणजे गार पाणी, घालतो ना, तसंच. आतलं गरम रक्त थंड हातापायांत पसरतं आणि पोटातली, छातीतली ऊब उतरते. पहिल्या तासाभरातच एक ते दीड अंश. त्यात थिएटरचा एसी, उघडं पोट, शिरेतून जाणारं गार सलाईन. आतलं तापमान 36च्या खाली जाता कामा नये. आकडा लक्षात ठेवा, 36.

हे मला पुस्तकाने शिकवलं होतं, पण खरं शिकवलं सत्तरीतल्या एका आजीने.

मी तेव्हा नवीन होते. वाळपईच्या पलीकडच्या गावातून आजी आल्या, आतड्याच्या ऑपरेशनसाठी. धो धो पाऊस. अंगात हॉस्पिटलचा पातळ झगा, वर एक चादर. आधीचं ऑपरेशन लांबलं आणि आजी दीड तास बाहेरच्या ट्रॉलीवर, पंख्याखाली पडून राहिल्या. दोनदा म्हणाल्या, "बाय, हीव भरलंय गे." मी म्हटलं, "आजी, आता आत घेतोच." दुसरी चादर घालायला हवी होती. घातली नाही. ऑपरेशन चाललं तीन तास. शुद्धीवर आल्या त्या अशा कुडकुडत की ट्रॉलीचे दांडे खडखडत होते. कुडकुडताना शरीराला प्राणवायू खूप जास्त लागतो आणि म्हाताऱ्या हृदयावर ताण येतो. मी मास्क धरून बसले होते. दात वाजत असताना आजींनी मला विचारलं, "बाय, मी मेले होते काय गे?"

तो प्रश्न घेऊन मी घरी गेले.

आजी बऱ्या झाल्या, पण जखम चिघळली आणि मुक्काम वाढला. त्या ऑपरेशनात मळ बाहेर यायला पोटावर पिशवी लावली होती, ती काढायला काही महिन्यांनी त्या परत आल्या. या खेपेला सुनेच्या काखेत वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, हाताने शिवलेली. (मऊ चकचकीत ब्लँकेटं आली आणि आपल्या वाकळी माळ्यावर गेल्या, याचं मला फार वाईट वाटतं. घरच्या बायकांचं ते मोठं कसब आहे.) सिस्टर म्हणाल्या, बाहेरचं पांघरूण थिएटरात चालणार नाही. बरोबरच होतं ते. मग आम्ही ठरवलं, वाकळ थिएटरच्या दारापर्यंत. आजी डोक्यापासून पावलांपर्यंत गुरफटून पडल्या. मी हात लावला, पावलं गरम. आत गेल्यावर हातापायांना कापूस गुंडाळला, डोक्याला टोपी, सलाईन कोमट करून लावलं. शेवटी तापमान भरलं 36.2. आजी जाग्या झाल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पेज कधी देणार?"

पावलं आधीच गरम असली की विसण कमी पडतं. म्हणून आधी ऊब, मग भूल.

एका आजीवरून शास्त्र ठरत नाही, हे खरं. पण 1996 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या 200 रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांना उबेत ठेवलं, त्यांच्यात शंभरात 6 जणांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. ज्यांना गार पडू दिलं, त्यांच्यात 19. गारठ्याने जखमेकडचं रक्त आटतं, प्राणवायू कमी पोचतो. रक्त गोठायलाही वेळ लागतो.

आता कागदासारखी हलकी पांघरुणं मिळतात, नळीने त्यांत गरम हवा सोडतात. तुमच्या हातात काय आहे? वॉर्डात असताना पायमोजे घाला, अंगावर पांघरूण घ्या. बाहेर थांबवलं आणि थंडी वाजली तर लगेच सांगा. भिडेने गप्प राहू नका. सांगा.

आणि एक गोष्ट मात्र करू नका. ऑपरेशननंतर माणूस गुंगीत असताना किंवा कमरेतून भूल देऊन पाय बधिर असताना, मायेपोटी गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवू नका. त्याला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. पांघरूण घाला, सिस्टरना हाक मारा, पिशवी घरीच राहू द्या. नमस्कार.