त्या रिकाम्या वर्गातला मुलगा

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबरात आपल्या बेळगावला सकाळचं धुकं दाटतं, खानापूरकडं भाताची सुगी उरकत येते, कॅम्पातल्या घरांवर कागदी चांदण्या लागतात आणि मला स्क्रूज आठवतो. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मधला तो चिकट म्हातारा. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लेचं भूत येतं, मग आणखी तीन भुतं येतात, आणि सकाळी स्क्रूज वेगळाच माणूस होऊन उठतो.

मी ही गोष्ट आधी पाहिली, वाचली फार नंतर. तेव्हा पाचवीत होते, मराठी शाळेत. शेजारच्या मावशी मूळच्या गोव्याच्या. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्यांचं ताट यायचंच, त्या वर्षी त्या मला कॅम्पात मुलाच्या शाळेचं नाटकही बघायला घेऊन गेल्या. नाटक इंग्रजीत. मार्ले साखळ्या ओढत आला तेव्हा मी मावशींचा पदर धरला, पण तो काय बोलला ते कळलं नाही. एक प्रवेश मात्र पुरता कळला. सुट्टी लागलेली, सगळी मुलं घरी गेलेली, आणि रिकाम्या वर्गात एक मुलगा एकटाच वाचत बसलेला. त्याच्याकडे बघून म्हातारा स्क्रूज रडतो. तो मुलगा म्हणजे लहानपणचा स्क्रूजच, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

डिकन्सनं हे पुस्तक सहाएक आठवड्यांत लिहिलं. 19 डिसेंबर 1843 ला ते निघालं आणि पहिल्या 6,000 प्रती नाताळच्या आतच संपल्या. दोन महिन्यांत ते लंडनच्या रंगभूमीवर आलं. पुढे 1853 पासून डिकन्स स्वतः लोकांसमोर ते वाचून दाखवायचा. बारा वर्षांचा असताना वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि हा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता. एकटं पडलेलं पोर कसं बसतं, हे त्याला ठाऊक होतं.

शाळेत हे नाटक बसवताना वेळ कमी पडला की कात्री नेमकी याच प्रवेशाला लागते. स्क्रूजच्या कारकुनाचा लंगडा मुलगा टायनी टिम, त्याची कुबडी ठेवतात, भुतं तर हवीतच. मला ते पटत नाही. स्क्रूज शेवटी स्वतःचं थडगं पाहून बदलतो असं आपण समजतो, पण पुस्तक नीट वाचा. त्या एकट्या मुलाला पाहिल्यावर तो डोळे पुसतो आणि म्हणतो, काल रात्री माझ्या दाराशी एक पोरगा गाणं म्हणत होता, त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. त्याच पोराला त्यानं हाकललेलं असतं. पहिला पाझर इथं फुटतो. थडगं तर पुष्कळ पुढं आहे.

म्हणून खानापूर तालुक्यातल्या माझ्या शाळेत गॅदरिंगला हे नाटक मराठीत बसवलं, तेव्हा हा प्रवेश मी काढू दिला नाही. मार्लेच्या साखळीला पुस्तकात पैशाच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, हिशेबाच्या वह्या लटकतात. आमच्या मुलांनी गोठ्यातली साखळी आणली, घराघरातली जुनी कुलपं आणली आणि दुकानातली एक फाटकी खतावणी. कुबडी गावच्या सुतारानं केली, पैसे घेतले नाहीत. पुडिंग म्हणून तपकिरी कागदात गुंडाळलेला नारळ!

एकट्या मुलाचं काम मात्र कुणाला नको होतं. वाक्य एकही नाही, नुसतं बसायचं. ते मी सातवीतल्या एका अबोल मुलाला दिलं. त्याचे आईवडील गोव्यात कामाला, हा आत्याकडे राहायचा. पुस्तकात त्या मुलाला खिडकीबाहेर अलीबाबा दिसतो, म्हणून मी शाळेच्या कपाटातून अलीबाबाच्या गोष्टीचं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं.

पुढं छोट्या स्क्रूजची धाकटी बहीण फॅन त्याला न्यायला येते. ती इतकी लहान, की मिठी मारायला टाचा उंचावते. आमची फॅन त्याच्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून त्याला बाकावर उभं करायचं ठरलं. तिचं वाक्य मी पुस्तकी लिहिलं होतं. तिनं तालमीत आपल्या तोंडचं केलं, ‘चल दादा, घराकडं जाऊया. बाबांनीच बोलावलंय.’ तेच ठेवलं.

गॅदरिंगच्या रात्री मैदानात पोती अंथरून सगळा गाव बसला होता. फॅन आली, हाक मारली. हा उठेना. तिनं पुन्हा हाक मारली, ‘दादा, घराकडं जाऊया की.’ पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग तो हळूच उठला, पानात बोट तसंच ठेवून.

नाटक संपल्यावर मी त्याला विचारलं, वाक्य चुकलं वाटलं का रे, उठायला उशीर का केलास?

तो म्हणाला, ‘बाई, गुहेचं दार उघडत होतं.’