राज्य कुणावर?

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख ‘क्रीडाशिक्षक’ अशी करून दिली. खरं तर मी पीटीचा मास्तर. 34 वर्षं गळ्यात शिट्टी होती आणि आज मी बोलणार आहे ते त्या शिट्टीच्या विरोधात. पेन्शन सुरू झाल्यावरच बोलतोय, एवढं ध्यानात घ्या.

आमच्या लहानपणी खेळाच्या आधी एक खेळ असायचा. चकायचं. तिघांनी पंजावर पंजा ठेवायचा, झटक्यात उलटासुलटा करायचा. ज्याचा वेगळा पडला तो सुटला. शेवटी दोघंच उरले की सुटलेल्यांपैकी एक जण मदतीला यायचा. आणि मग जो राहील त्याच्यावर राज्य. शब्दाची गंमत बघा. ज्याच्यावर राज्य आलं तो सगळ्यांच्या मागे पळून अर्धमेला व्हायचा, बाकीचे पारावर बसून त्याला वेडावायचे. राज्य म्हणजे सुख नव्हे, हे आम्हाला सहाव्या वर्षी कळलं होतं. पुढे आमच्यातले काही जण निवडणुकीला उभे राहिले आणि विसरले, ते सोडा.

चपलेचा अंगठा तुटला, आईनं हाक मारली, की मूठ तोंडाशी नेऊन ‘टॅम्प्लीज’ म्हणायचं. झालं, तुम्हाला कुणी शिवू शकत नाही. हरायला लागल्यावर टॅम्प्लीज घेणारा मात्र ‘रडी’. त्याचा डाव रडीचा डाव. हा शब्द आता वर्तमानपत्रांच्या अग्रलेखात गेलाय, पण तो घडला गल्लीत.

या सगळ्यात मला थोर वाटतो तो कच्चा लिंबू. कुणाचा तरी धाकटा भाऊ नाहीतर बहीण, चार वर्षांची, नाक वाहतंय, हट्ट करून मागे लागलेली. तिला हाकलायचं तर घरी मार बसणार, खेळात घ्यायचं तर खेळाचा विचका. मग तोड निघाली: ती कच्चा लिंबू. ती पळणार, लपणार, ओरडणार, पण तिच्यावर राज्य येणार नाही. तिला मात्र वाटतंय, आपण खेळतोय. आणि ती खेळतच असते हो! बघून बघून शिकते, आणि एक दिवस चिडून सांगते, ‘मी कच्चा लिंबू नाही.’ त्या दिवसापासून तिच्यावर राज्य यायला लागतं. दुबळ्याला सामावून घ्यायचं आणि खेळही बिघडू द्यायचा नाही, असला नियम कुठल्या समितीनं केला? आठ-दहा वर्षांच्या पोरांनी केला.

समित्यांचं माझं भांडण नाही. 1914 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या समितीनं खो-खोचे नियम बसवायला घेतले, म्हणून तो खेळ टिकला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला त्याचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही जिंकला. छाती फुगली माझी. पण विटीदांडूचं घ्या. वकट, लेंड, मूंड, नाल... पुढचे आकडे गावागणिक वेगळे. हे वकट-लेंड म्हणजे तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. विटी कधी पायावर, कधी मुठीवर, कधी चक्क डोळ्यावर ठेवून टोला मारायचा. मामाच्या गावाला गेलं की पहिला तास भांडणात जायचा: ‘आमच्याकडे असं नसतं.’ ‘मग तुमच्याकडे जाऊन खेळ.’ शेवटी दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊन तिसराच नियम निघायचा. ज्याला विटीदांडू आठवतो त्याला टोल्याइतकंच हे भांडणही आठवतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला जुनं ते सोनं. तसं नाही. माझी थोरली बहीण सागरगोटे झेलायची ते एका कडेवर भाऊ सांभाळत. तो भाऊ मी. दहावं लागलं आणि तिचं अंगणात येणं बंद झालं. मग लग्न झाल्यावर मंगळागौरीला एक रात्र फुगड्या घालायची मोकळीक. गुराख्यांची पोरं सूरपारंब्या खेळायची, कारण गुरं राखायला त्यांना शाळेतून काढलेलं असायचं. आणि कुणाला चकायला हात लावू द्यायचा नाही हेही काही वाड्यांत ठरलेलं असायचं. आज माझी नात फुटबॉल खेळते. त्या बाबतीत मला जुनं काही परत नकोय.

बिघडलं ते दुसरीकडे. सगळे मोबाइलला शिव्या देतात, मीही देतो, पण मोबाइल मागाहून आला. त्याआधी सोसायटीच्या भिंतीवर पाटी आली होती: ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.’ मग टर्फ आलं, तासाचे पैसे मोजून. मग उन्हाळी शिबिर, गणवेश, पाण्याची बाटली आणि शिट्टीवाला मास्तर. म्हणजे मीच. बालहक्कांच्या 1989 च्या करारात, कलम 31 मध्ये, खेळण्याचा हक्क आहे. भारतानं तो 1992 साली मान्य केला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. मैदानावर थोडा वेळ मास्तर नसावा, हे कुठे लिहिलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात मी मुलाकडे होतो. तिथल्या सुताराकडून विटी आणि दांडू करून घेतला आणि खालच्या पाच पोरांच्या हातात दिला. पहिला प्रश्न: ‘आजोबा, रूल्स काय?’ जेमतेम सांगितले. दहा मिनिटांत भांडण. विटी झेलली ती टप्पा पडल्यावर की आधी? पाचही तोंडं माझ्याकडे वळली. माझा हात सवयीनं गळ्याशी गेला. मी म्हटलं, ‘मला दिसलं नाही.’ दिसलं होतं. पोरं गप्प उभी राहिली. भांडायचं कसं तेच कळेना. मग एक जण दांडू टाकून निघून गेला आणि खेळ संपला. मला वाटलं, संपलं ते संपलंच.

दोन दिवसांनी खिडकीतून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून खाली उतरलो. पाचाचे सात झाले होते. विटी ड्रेनेजच्या झाकणावर पडली, तशी सगळी ओरडली, ‘झाकण, झाकण!’ आणि मारणाऱ्यानं एका पायावर उभं राहून परत टोला मारला. हा कुठला नियम, मला ठाऊक नाही. पार्किंगच्या खांबापाशी एक लहानगी हातात काटकी घेऊन, विटी नसतानाच टोले मारत होती. मी विचारलं, ‘ही कुणाच्या बाजूनं?’

‘ती डेमो आहे, आजोबा,’ मोठा म्हणाला. ‘तिच्यावर राज्य नसतं. आणि तुम्ही जरा बाजूला व्हा ना, मध्ये येताय.’

मी बाजूला झालो.